निकाल तुमच्या बाजूचा, पण वर्ष कोणतं?
करविषयक निकालांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच सूर आहे: 'अमुक कोर्टाने असा निकाल दिला आहे, तरी अधिकारी ऐकत नाहीत.' निकाल कोणत्या कोर्टाचा, कोणत्या करनिर्धारण वर्षाचा (म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं, कर ठरवण्याचं वर्ष) आणि त्यातली वस्तुस्थिती तुमच्याशी जुळते का, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय त्याचं वजन ठरत नाही. उत्तरांतली कलमं 1961 च्या आयकर कायद्याची आहेत. नवा 2025 चा कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला असला, तरी त्याआधीच्या वर्षांचे वाद जुन्याच कायद्याने चालतात. '373 आयटीआर 70' असा उल्लेख दिसला तर तो 'इन्कम टॅक्स रिपोर्ट्स'च्या 373 व्या खंडातलं 70 वं पान समजावा.

प्रश्न: आमची वडिलोपार्जित शेतजमीन जानेवारी 2025 मध्ये 40 लाखांना विकली. नगरपालिकेच्या हद्दीपासून ती रस्त्याने 2.6 किलोमीटर आहे. नगरपालिकेची लोकसंख्या एक लाखाच्या आत. अधिकारी म्हणतात, सरळ रेषेत अंतर 1.8 किलोमीटर भरतं, म्हणून भांडवली नफ्यावर कर भरा. आमच्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल आहे की अंतर रस्त्यानेच मोजायचं. (सातारा जिल्हा)

उत्तर: निकाल खरा आहे, 2015 चा, 373 आयटीआर 70. पण तो पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचा. शेतजमिनीचं अंतर 'हवाई', म्हणजे सरळ रेषेत मोजायचं, ही दुरुस्ती 2013 च्या वित्त कायद्याने आली आणि करनिर्धारण वर्ष 2014-15 पासून लागू झाली. त्या प्रकरणातलं वर्ष दुरुस्तीच्या आधीचं होतं. विभाग ही दुरुस्ती मागच्या वर्षांनाही लावू पाहत होता. खंडपीठाने सांगितलं की ती पुढच्या काळासाठीच आहे, आधीच्या वर्षांना रस्त्याचं अंतर धरायचं. तुमचं करनिर्धारण वर्ष 2025-26. म्हणजे हाच निकाल तुमच्या विरुद्ध जातो. तो तुम्ही स्वतः दाखल केलात, तर अधिकाऱ्याचं काम सोपं होईल.

आता जमिनीवरचा हिशेब पाहू. कलम 2(14) प्रमाणे नगरपालिकेची लोकसंख्या 10 हजारांहून जास्त ते 1 लाख असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटर, 1 लाखाहून जास्त ते 10 लाख असेल तर 6, आणि 10 लाखांच्या वर 8 किलोमीटर. या अंतराच्या आतली शेतजमीन भांडवली मालमत्ता ठरते, म्हणजे तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर लागतो. लोकसंख्या जनगणनेची धरतात, त्यामुळे तुमच्या वर्षासाठी 2011 चे आकडे. अंतर मोजायचं ते नगरपालिकेच्या हद्दीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून. एसटी स्टँडपासून किंवा नगरपालिकेच्या इमारतीपासून मोजलेली प्रमाणपत्रं फाइलला लागलेली सर्रास दिसतात, आणि ती बाद होतात.

म्हणून 1.8 हा आकडा कुठून आला, ते आधी अधिकाऱ्याला लेखी विचारा. उपग्रह नकाशावर पिन टाकून काढला असेल, तर पिन कोणत्या गटावर टाकली आणि हद्दीचा नकाशा कोणत्या तारखेचा वापरला, हे दोन्ही विचारा. हद्दवाढ विक्रीनंतर झाली असेल तर विक्रीच्या दिवशीचीच हद्द धरावी, असा आग्रह धरा. हद्दवाढीच्या अधिसूचनेची प्रत नगरपालिकेत मिळते. तुमच्या बाजूने भूमी अभिलेख कार्यालयाचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर गट नंबर, हद्दीवरचा बिंदू आणि 'हवाई अंतर' हे शब्द स्पष्ट हवेत. नुसतं 'अंतर' लिहिलेलं असेल तर दुरुस्त करून घ्या.

इतकं करूनही अंतर दोनच्या आत आलं, तर कर किती ते पाहा. जमीन वडिलोपार्जित, म्हणून मूळ किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव 2 लाख धरू (तो त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही). महागाई निर्देशांक तेव्हाच्या 100 वरून 363, म्हणून निर्देशांकित किंमत 7,26,000. नफा 32,74,000, त्यावर 20 टक्के म्हणजे 6,54,800. निर्देशांक सोडून दिला तर नफा 38 लाख, त्यावर 12.5 टक्के म्हणजे 4,75,000. सेस (करावरचा उपकर) दोन्हीकडे वरून. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेली जमीन त्या दिवशी किंवा नंतर विकली असेल, तर निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला यातला कमी कर निवडता येतो. वडिलोपार्जित जमिनीत 12.5 टक्के बहुधा फायद्याचे ठरतात, पण दोन्ही आकडे काढूनच ठरवा.

कलम 54ब विसरू नका. विक्रीच्या आधीची दोन वर्षं तुम्ही किंवा तुमचे आईवडील, जमीन कुटुंबाची असेल तर कुटुंब, ती कसत असाल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतलीत, तर तेवढ्या रकमेपुरता नफा करमुक्त. नवी जमीन ग्रामीण असली तरी चालते. मात्र रिटर्नच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेत 'कॅपिटल गेन्स अकाउंट' योजनेखाली ठेवलेली लागते. साध्या मुदत ठेवीची पावती दाखवून भागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये (387 आयटीआर 421) कलम 54फ च्या (विक्रीच्या पैशातून घर घेतल्यास मिळणाऱ्या सुटीच्या) प्रकरणात याच मुद्द्यावर करदात्याला सवलत नाकारली, आणि इतर उच्च न्यायालयांचे सैल निकाल मान्य केले नाहीत.

प्रश्न: आमची नारळाची बाग होती. रिटर्नमध्ये शेती उत्पन्न कधीच दाखवलं नाही. रिसॉर्टवाल्याला विकली. आता अधिकारी म्हणतात, ही शेतजमीनच नव्हती. (दक्षिण गोवा)

उत्तर: तुमच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा 2011 चा निकाल आहे, 331 आयटीआर 59. तिथेही महसूल दप्तरी जमीन शेतीची होती, बिनशेतीची परवानगी विकणाऱ्याने कधी मागितली नव्हती, ती खरेदीदाराने खरेदीनंतर घेतली. शेतीतून शिल्लक उरली नाही म्हणून शेती झालीच नाही असं म्हणता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

विरुद्ध बाजूला सर्वोच्च न्यायालयाचा 1993 चा निकाल येईल, 204 आयटीआर 631. सुरतेतली ती जमीनही दप्तरी शेतीचीच होती. पण चार वर्षं पीक नव्हतं, बिगरशेती वापरासाठी विकायची परवानगी विकणाऱ्यांनी स्वतः घेतली होती, आणि गृहनिर्माण संस्थेला चौरस यार्डाच्या दराने विकली होती. तिथे करदाता हरला.

तुमचं खरेदीखत काढा आणि दर कसा लिहिला आहे ते पाहा. चौरस मीटरचा दर आणि 'रिसॉर्टसाठी' असे शब्द खतात असतील तर वाद अवघड होतो. परवानगीच्या अर्जावर कोणाची सही आहे आणि कोणत्या तारखेची, यावर सगळं फिरतं. एकचौदा उताऱ्यातली (गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यातली) पिकांची नोंद, नारळ विकल्याच्या चिठ्ठ्या, पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) दिलेली मजुरी, जे सापडेल ते लावा. बागेची जागा नगरपालिकेपासून किती, हे वरच्या उत्तराप्रमाणे वेगळं सिद्ध करावं लागेलच. शेतजमीन ठरली पण अंतर आत आलं, तर कर लागतोच.

प्रश्न: प्लॉट विकून आलेले सगळे पैसे माझ्या खात्यातून देऊन पुण्यात फ्लॅट घेतला, पण करारनामा फक्त पत्नीच्या नावाने केला. कलम 54फ ची सूट नाकारली. दिल्ली उच्च न्यायालयाने पत्नीच्या नावावरच्या घराला सूट दिली आहे. अपील फेसलेस (समोरासमोर न येता, ऑनलाइन चालणारं) असल्याने ऐकणारे अधिकारी कुठेही बसलेले असू शकतात. मग दिल्लीचा निकाल का चालू नये? (पिंपरी)

उत्तर: दिल्लीचा निकाल 2013 चा, 351 आयटीआर 4. मद्रास उच्च न्यायालयही 2006 मध्ये (287 आयटीआर 271) पत्नीच्या नावावरच्या घराबाबत करदात्याच्या बाजूने गेलं होतं. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2008 मध्ये (312 आयटीआर 40) उलट सांगितलं आहे. तिथे घर दत्तक मुलाच्या नावावर होतं, आणि 54फ साठी घर करदात्याच्याच नावावर हवं, दुसऱ्या कोणाच्या नाही, असा निष्कर्ष आला.

फेसलेस यंत्रणेत अपिलाचा अधिकारी कुठेही बसलेला असो, तुम्हाला लागू होणारं उच्च न्यायालय करनिर्धारण अधिकाऱ्याच्या ठिकाणावरून ठरतं. 'एबीसी पेपर्स' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये हे पक्कं केलं. नंतर फाइल दुसऱ्या शहरात बदलून गेली तरी मूळ आदेश देणारा अधिकारी जिथे होता, तिथलंच उच्च न्यायालय. म्हणजे तुम्हाला मुंबई.

मुंबईचा निकाल असताना दिल्लीचा का चालत नाही, याचं उत्तर 'ठाणा इलेक्ट्रिसिटी सप्लाय' (1994, 206 आयटीआर 727) मध्ये आहे. एका उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या कार्यक्षेत्राबाहेरच्या न्यायालयांवर किंवा न्यायाधिकरणांवर (पहिल्या अपिलानंतरची पायरी) बंधनकारक नसतो. दुसऱ्या राज्याचा निकाल वाचून पटला तर घ्यायचा, एवढंच. 'दोन अर्थ निघत असतील तर करदात्याच्या बाजूचा घ्या' हे 'व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'चं (1973, 88 आयटीआर 192) वाक्य अपिलाच्या जवळजवळ प्रत्येक मसुद्यात दिसतं. आपल्याच उच्च न्यायालयाने एक अर्थ ठरवून दिला असेल तर ते उपयोगी पडत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 'दिलीपकुमार अँड कंपनी'मध्ये 30 जुलै 2018 रोजी सांगितलं आहे की करमाफीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर फायदा सरकारला. 54फ ही अधिसूचना नाही, कायद्यातली तरतूद आहे, हा फरक तुम्ही मांडू शकता. पण तो मुद्दा विरोधात येणार, हे धरून चला.

मग उरतं काय? एक, वस्तुस्थितीतला फरक. तिथे दत्तक मुलगा होता, तुमच्याकडे पत्नी आहे, सगळा पैसा तुमच्या खात्यातून गेला, पत्नीला स्वतःचं उत्पन्न नाही. प्रत्येक हप्त्याची बँकेची नोंद आणि बिल्डरची पावती शेजारी शेजारी लावा. मात्र नागपूरच्या निकालाचे शब्द व्यापक आहेत. पहिल्या अपिलात यावर यश मिळेल असं मानू नये. मुद्दा टिकवून ठेवायचा आणि न्यायाधिकरणापर्यंत, गरज पडल्यास उच्च न्यायालयापर्यंत न्यायचा, एवढाच त्याचा उपयोग.

दोन, दंड. कर हरलात तरी दंड आपोआप लागू नये. रिटर्नमध्ये घर पत्नीच्या नावावर आहे हे लपवलं नसेल आणि दोन उच्च न्यायालयं तुमच्या बाजूची असतील, तर कलम 270अ(6) खालचं प्रामाणिक स्पष्टीकरण भक्कम ठरतं. 'रिलायन्स पेट्रोप्रॉडक्ट्स' (2010, 322 आयटीआर 158) जुन्या दंडाच्या कलमाखालचा निकाल आहे, पण मान्य न झालेली मागणी म्हणजे खोटी माहिती नव्हे, हे त्यातलं तत्त्व जरूर मांडा.

तीन, हे ज्यांनी अजून अपील केलेलं नाही त्यांच्यासाठी. आदेशाप्रमाणे कर आणि व्याज भरून, अपील न करता, आदेश मिळालेला महिना संपल्यापासून एका महिन्यात फॉर्म 68 भरला तर कलम 270अअ खाली दंडातून सूट मागता येते. चुकीची माहिती दिल्याचा ठपका असेल तर ती मिळत नाही. अपील केलं की ही वाट बंद होते. तुमची बंद झाली.

आणि ज्यांचा करारनामा अजून व्हायचा आहे, त्यांनी स्वतःचं नाव खरेदीदार म्हणून आधी घालावं. पत्नीचं नाव सोबत असलं तर बिघडत नाही. दिल्लीने तर संयुक्त नावाला पूर्ण सूट दिली आहे (2012, 342 आयटीआर 38). हौसेखातर किंवा मुद्रांक शुल्कातल्या सवलतीसाठी एकट्या पत्नीचं नाव घातलं, तर वाचतं त्याच्या कितीतरी पट करात जातं.

प्रश्न: आर्थिक वर्ष 2023-24 ला पगार वजावटीनंतर 5,20,000, शेअरमधला अल्पकालीन नफा 1,10,000. नवी करप्रणाली. कलम 87अ ची (ठराविक उत्पन्नापर्यंत करात मिळणारी) सूट 25,000 धरून जानेवारी 2025 मध्ये सुधारित रिटर्न भरलं, कारण कोर्टाने परवानगी दिली होती. आता 14,560 रुपयांची मागणी आली. हा कोर्टाचा अवमान नाही का? (ठाणे)

उत्तर: नाही. आधी आकडा जुळवू. पगारावर 11,000, नफ्यावर 15 टक्के म्हणजे 16,500, एकूण 27,500. त्यातून 25,000 वजा केले तर 2,500, सेससह 2,600. सूट फक्त पगारावरच्या 11,000 पुरती दिली तर 16,500, सेससह 17,160. फरक 14,560. मागणीचं गणित बरोबर आहे.

5 जुलै 2024 नंतर रिटर्नच्या सॉफ्टवेअरने ही सूट मागूच दिली नाही. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स या करसल्लागारांच्या संघटनेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 ला अंतरिम आदेश दिला, मुदत 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढली, आणि 24 जानेवारीला अंतिम निकाल आला. त्याचा गाभा असा की सॉफ्टवेअरने करदात्याचं तोंड बंद करू नये, त्याला मागणी मांडता आली पाहिजे. सूट मिळतेच की नाही, हे न्यायालयाने ठरवलं नाही. ते काम अधिकाऱ्यांवर आणि अपील यंत्रणेवर सोडलं. बातम्यांच्या मथळ्यांत हा फरक हरवला.

म्हणून तुम्हाला मूळ कायद्यावर भांडावं लागेल. दीर्घकालीन नफ्याच्या कलम 112अ मध्ये, त्या करावर 87अ ची सूट नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अल्पकालीन नफ्याच्या 111अ मध्ये तसं वाक्य नाही. एका कलमात बंदी घातली आणि शेजारच्यात नाही, याचा काही अर्थ आहे, हा तुमचा मुख्य मुद्दा. 2025 च्या वित्त कायद्याने नव्या करप्रणालीत विशेष दराच्या (जसं शेअरमधल्या नफ्याच्या) उत्पन्नावरची सूट करनिर्धारण वर्ष 2026-27 पासून बंद केली. त्याआधी ती बंद नव्हती, असा तुमचा युक्तिवाद. आम्ही आधीपासूनचंच स्पष्ट केलं, असं विभाग म्हणेल. करदात्यावर बोजा टाकणारी दुरुस्ती पुढच्या काळासाठीच धरावी, हे 'वाटिका टाउनशिप'चं (2014) तत्त्व तिथे कामी येतं.

कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करण्यात वेळ दवडू नका. 'व्होल्कार्ट ब्रदर्स'पासून (1971, 82 आयटीआर 50) ठरलेलं आहे की ज्यावर दोन मतं होऊ शकतात ती 'उघड चूक' नव्हे. रिटर्न तपासून आलेल्या 143(1) च्या सूचनेविरुद्ध 30 दिवसांत फॉर्म 35 ने थेट अपील करा. तुमच्या उत्पन्नाला शुल्क 1,000 रुपये. मुदत उलटली असेल तर विलंबाचं कारण पुराव्यासह त्याच फॉर्ममध्ये लिहा. दरमहा 1 टक्का व्याज चालू राहू नये म्हणून मागणी भरून टाकून मग भांडणं शहाणपणाचं. जिंकलात तर परतावा मिळतो. पुढे न्यायाधिकरणात जावं लागलं तर सीएची फी आणि 14,560 यांची तुलना आधी करा.

प्रश्न: 80ड ची (आरोग्य विम्याच्या हप्त्याची) वजावट रिटर्नमध्ये राहून गेली. अधिकारी 'गोएट्झे'चा निकाल दाखवून नाही म्हणाले. (लातूर)

उत्तर: 'गोएट्झे इंडिया' (2006, 284 आयटीआर 323) प्रमाणे करनिर्धारण अधिकाऱ्यासमोर नवी मागणी सुधारित रिटर्नशिवाय करता येत नाही. पण त्याच निकालाच्या शेवटी लिहिलं आहे की न्यायाधिकरणाच्या अधिकारांना याने बाध येत नाही. ते वाक्य कोणी वाचत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 'पृथ्वी ब्रोकर्स' (2012, 349 आयटीआर 336) मध्ये अपिलात नवी मागणी ऐकता येते असं सांगितलं. अपिलाच्या कारणांत हा मुद्दा वेगळा क्रमांक देऊन घाला आणि हप्त्याची पावती जोडा. हप्ता रोखीने भरला असेल तर मात्र वजावटच नाही.

प्रश्न: आमच्यासारख्याच प्रकरणात विभागाने न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील केलं नाही. म्हणजे त्यांना तो मान्य आहे ना? (नाशिक)

उत्तर: नाही. विभागाच्या 17 सप्टेंबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कराची रक्कम न्यायाधिकरणासाठी 60 लाख, उच्च न्यायालयासाठी 2 कोटी, सर्वोच्च न्यायालयासाठी 5 कोटींच्या वर असेल तरच विभाग सहसा अपील करतो. कमी रकमेमुळे गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे कलम 268अ मध्येच आहे.

प्रश्न: अपिलात कोणते निकाल जोडायचे? इंटरनेटवर आणि एआयवर भरपूर सापडतात. करकायद्यावरच्या टीकाग्रंथातले (कायदा समजावून सांगणाऱ्या पुस्तकांतले) उतारे चालतात का? (कोल्हापूर)

उत्तर: टीकाग्रंथ किंवा नियतकालिकातला लेख कायदा नसतो. न्यायमूर्ती तो वाचतात, कधी उद्धृतही करतात, पण तळटीपेतला मूळ निकाल काढून तोच जोडा. लेखकाने दिलेला निष्कर्ष आणि निकालातला परिच्छेद यांत फरक निघण्याचे प्रसंग थोडे नाहीत.

एआयबाबत दोन घटना पुरेत. बंगळूरच्या न्यायाधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये 'बकआय ट्रस्ट' प्रकरणात दिलेल्या आदेशात अस्तित्वातच नसलेले निकाल निघाले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये 'केएमजी वायर्स'चा करनिर्धारण आदेश रद्द केला, त्यात अधिकाऱ्याने असेच न सापडणारे निकाल आधाराला घेतले होते. उलट बाजूने हे तुम्हालाही लागू आहे. अधिकाऱ्याच्या आदेशातला प्रत्येक निकाल शोधून पाहा. न सापडलेल्याची प्रत लेखी मागा.

मूळ प्रत न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवा. मुंबई उच्च न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांवर वर्ष, 'बीएचसी' आणि पीठाचं संक्षिप्त नाव असलेला क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. मग करनिर्धारण वर्ष पाहा, त्या वर्षाचं कलम आणि तुमच्या वर्षाचं कलम शब्दशः जुळवा. नंतर निकाल वरच्या कोर्टात उलटवला गेला आहे का ते शोधा. शीर्षटीप (निकालाच्या वर छापलेला सारांश) संपादकाने लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे, म्हणून तिच्यातला उतारा कधीच देऊ नका.

एका मुद्द्याला आपल्या उच्च न्यायालयाचा एक आणि सर्वोच्च न्यायालयाचा एक, बस्स. वीस निकालांच्या गठ्ठ्यात एखादा विरुद्ध जाणारा असतोच, आणि समोरचा वकील नेमका तोच उघडतो. न्यायाधिकरणासाठी पेपर बुकच्या (कागदपत्रांच्या संचाच्या) दोन प्रती, अनुक्रमणिका आणि सलग पानक्रमांकासह, सुनावणीच्या किमान एक दिवस आधी द्यायच्या असतात. विभागाला प्रत आठवडाभर आधी पोचवल्याची पोचही सोबत लागते. ज्या परिच्छेदावर भिस्त आहे त्याला पेन्सिलीने कडेला रेघ मारा आणि तो पानक्रमांक युक्तिवादाच्या टिपणात लिहा.

प्रश्न: अपील प्रलंबित असताना वसुलीची पत्रं येतात. 20 टक्के भरावेच लागतात का? (चिपळूण)

उत्तर: विभागाच्या 31 जुलै 2017 च्या कार्यालयीन ज्ञापनाप्रमाणे (अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनांप्रमाणे) पहिलं अपील संपेपर्यंत वसुली थांबवायला साधारण 20 टक्के मागतात. 'एलजी इलेक्ट्रॉनिक्स' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं की योग्य प्रकरणात अधिकारी त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देऊ शकतात. नुसतं अपील दाखल केल्याने वसुली थांबत नाही. कलम 220(6) खाली स्थगितीचा वेगळा अर्ज द्या. त्यात मुद्दा सकृद्दर्शनी भक्कम का आहे, बँकेत शिल्लक किती आणि रक्कम भरल्यास काय अडचण होईल, हे तिन्ही आकड्यांनिशी लिहा. अर्ज फेटाळला तर प्रधान आयकर आयुक्तांकडे दाद मागा. परस्पर परताव्यातून 20 टक्क्यांपेक्षा जास्त वळते झाले असतील, तर जादा रकमेचा परतावा त्याच अर्जात मागून ठेवा.